मुर्गाबचे सात टोमॅटो

ऑगस्ट लागला की अरावानात टोमॅटोला कुणी विचारत नाही. ओट्यावर टोमॅटो, खाटेखाली टोमॅटो, न्हाणीच्या दारात टोमॅटो. शेजारणीला बादलीभर दिले तर ती आपलेच घालून बादली परत पाठवते. गाढवंसुद्धा हुंगून तोंड फिरवतात. अशा गावात बुबुसाराच्या नव्या सुनेनं पाहुण्यांसमोर फळांच्या ताटात टोमॅटो मांडले. एकीकडे द्राक्षं, एकीकडे पीच, आणि मधोमध टोमॅटोच्या गोल चकत्या, वर साखर भुरभुरलेली.

जिपारला या घरात येऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. मुलगी मुर्गाबची, सरहदीपलीकडची, पामीरच्या उंचावरची. नर्सिंग शिकायला जवळच्या ओश शहरात आली होती. बुबुसाराच्या नवऱ्याचं, कोचकोरबायचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला सुया टोचायला हीच होती. घरी आल्यावर म्हातारा म्हणाला, "त्या पोरीचा हात असा हलका, की सुई टोचली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. एर्मेकसाठी मागणी घालू." एर्मेक म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बापाला डबा घेऊन जाता-येता आधीच तिच्याशी बोलू लागला होता, हे म्हाताऱ्याला मागाहून समजलं. लग्न झालं, पण मुलीकडचं कुणी आलं नाही. घाटातली सरहद तेव्हा बंद होती. बापानं मुलीचं लग्न फोनवर पाहिलं, तेही तुटक तुटक.

तर त्या दिवशी बुबुसाराचा मास्तर भाऊ, भावजय आणि नणंद दामिरा जेवायला आली होती. दामिराची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली सुरी. ताट पाहताच ती म्हणाली, "अगं बाई, वहिनी! द्राक्षं महाग झाली वाटतं? की आता फळं म्हणून भाजीच वाढायची ठरवलीय?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "शास्त्राप्रमाणे सूनबाई बरोबर आहे. ज्याच्या पोटात बी, ते फळ."

"मग वांगंही फळ, मिरचीही फळ!" कोचकोरबाय म्हणाला. "पुढच्या खेपेला मेव्हण्यांपुढे मिरच्यांचं ताट ठेवा रे!"

"मीठ लावून खातात ती भाजी, साधी गोष्ट," दामिरा म्हणाली. "उद्या कांद्याला साखर लावली तर तो काय जर्दाळू होतो?"

सगळे पोट धरून हसले. जिपार खाली मान घालून चहा ओतत होती. तिच्या रुमालाबाहेर आलेले कान तेवढे लाल झाले होते.

बुबुसारा हसली नाही. तिला नणंदेपुढे मान खाली घालायला लागली होती आणि ते तिला सोसत नसे. ती सुनेमागोमाग स्वयंपाकघरात गेली. "चार माणसांत शोभा केलीस माझी. फळांच्या ताटात भाजी ठेवायची, हे तुला शिकवलं कुणी? आईनं?"

शब्द तोंडातून गेला आणि तिला आठवलं, पोर नऊ वर्षांची असतानाच तिची आई वारली होती.

जिपारनं किटली खाली ठेवली. "आमच्याकडे ते फळच असतं, अपा," ती म्हणाली. तिकडे सून सासूला अपाच म्हणते, आईसारखं. मग तिनं दुसऱ्या ताटलीत त्या चकत्या काढून घेतल्या आणि मोकळ्या जागेवर द्राक्षं पसरली.

बुबुसारानं जीभ चावली. पण सासूनं सुनेची माफी मागायची, असं तिनं तिच्या सासरी कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर जाऊन पाहुण्यांत बसली.

त्या दिवसापासून जिपारनं त्या घरात टोमॅटोला तोंड लावलं नाही. सगळ्यांसाठी चिरायची, कांदा घालून कोशिंबीर करायची, हिवाळ्यासाठी रस आटवून बरण्या भरायची. स्वतः मात्र ब्रेडचा तुकडा चहात बुडवून खायची. बुबुसारा हे पाहत होती. आधी तिला वाटलं, रुसवा आहे, जाईल. मग वाटलं, ताठा आहे. वर्ष होत आलं तेव्हा काय वाटायचं ते तिचं तिलाच कळेना. पोरीत खोट काढायला तर जागा नव्हती. पहाटे तिच्याआधी उठायची, सासऱ्याचा रक्तदाब मोजायची, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना सुया टोचून यायची. फक्त हसणं तेवढं उंबऱ्याबाहेर ठेवून आल्यासारखी वागायची.

पुढल्या उन्हाळ्यात जिपारला दिवस राहिले. चौथा महिना लागला तरी अन्न टिकेना. ऐन टोमॅटोचा हंगाम. अंगणातल्या मोठ्या कढईत रस रटरटत असायचा आणि त्या वासानं ती न्हाणीकडे पळायची. बुबुसाराची स्वतःची दोन बाळंतपणं वाया गेली होती, तेव्हा कुठे एर्मेक हाती लागला होता.

"डोहाळे कसले लागलेत, सांग तरी," ती म्हणायची. "घोडीचं दूध आणवू? आंबट जर्दाळू? कलेजी?"

"काही नको, अपा."

"काही नको म्हणणाऱ्या बाईला पोर कसं होणार गं? पोराला हवं असतं, तुला नसतं."

जिपार थोडं हसल्यासारखं करायची. एकदा मात्र कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "जे हवंसं वाटतं ते इथं मिळत नाही." काय ते विचारलं तर म्हणाली, "अशीच बोलले."

बुबुसारानं मुलाला कोपऱ्यात घेतलं. एर्मेक डोकं खाजवत म्हणाला, "मलाही विचारू नकोस. एकदा म्हणाली, टोमॅटो खावासा वाटतो. मी म्हटलं, बाईसाहेब, तीन बिघे आहेत, कुठल्या वाफ्यातला आणू? तर पाठ फिरवून झोपली."

त्याच महिन्यात बातमी आली. वसंतात सरहद उघडली होती, रस्ता आता चालू होता, आणि जिपारचे वडील येणार होते. पहिल्यांदा व्याही घरी येणार म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. कोचकोरबायनं मेंढा निवडला. बुबुसारानं व्याह्याला घालायला नवा चपान, लांब अंगरखा, शिवून घेतला, पांढरी टोपी आणली, सतरंज्या उन्हात टाकल्या. जिपार दिवसातून चार वेळा फाटकापर्यंत जाऊन यायची. पाच वर्षं बापाला पाहिलं नव्हतं तिनं.

ठरल्या दिवशी दुपारी एक जुनाट जीप धूळ उडवत आली. उतरला तो किडकिडीत, काळवंडलेला माणूस, गालांची कातडी वाऱ्यानं सोललेली. याचं नाव सातीबाल्दी. मुर्गाबच्या गॅरेजात इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. जिपार धावली, पण जवळ गेल्यावर तिला काय करावं सुचेना. तिनं वाकून सलाम केला. बापानं तिच्या रुमालावर ओठ टेकवले आणि डोळे मिटून उगाच श्वास घेत राहिला, वास घेतल्यासारखा.

मग त्यानं डोळे उघडले आणि अंगण पाहिलं.

त्या दिवशी शेवटचा मोठा तोडा उतरला होता. ओट्यापासून विहिरीपर्यंत टोमॅटोचा ढीग होता, गुलाबी, मुठीएवढाले, काही फुटून रस गळत असलेले. कोंबड्या त्यात चोची मारत होत्या. पाहुण्यानं तो ढीग पाहिला, जीपकडे पाहिलं, आणि पुढे झालेला हात मागे घेऊन जीपचं मागचं दार लोटून बंद केलं. बुबुसाराच्या हे लक्षात आलं. तिला वाटलं, दमलाय बिचारा.

जेवणाची तयारी चालली होती. पाहुण्याला देऊन पाठवायच्या वस्तू आधीच गाडीत ठेवायची तिकडे रीत. निघताना दिल्या तर तो नको-नको म्हणतो. बुबुसारा तांदळाचं पोतं आणि दोन खरबुजं घेऊन जीपपाशी गेली. मागच्या सीटवर एक लाकडी खोकं होतं, दोरीनं बांधलेलं आणि वरून चादर टाकलेलं. खरबुजांना जागा करायला तिनं ते उचललं. हलकं होतं. चादर घसरली; दोरी एका बाजूनं सुटलेलीच होती, झाकण सरकलं. आत याकची काळी लोकर खच्चून भरलेली, आणि लोकरीत लिंबाएवढाले टोमॅटो. तिनं मोजले, सात.

क्षणभर तिला हसूच आलं. नदीला पाणी घेऊन आलाय माणूस! हे दामिराला कळलं तर वर्षभर पुरेल तिला.

मग तिनं एक हातात घेतला. साल जाड होती, देठाजवळ हिरवी. देठ कात्रीनं नीट कापलेला होता आणि कापलेल्या जागी मेण लावलेलं होतं, ओल जाऊ नये म्हणून. बुबुसारानं आयुष्यात लाखभर टोमॅटो तोडले असतील. देठाला मेण लावलेला एकही पाहिला नव्हता. तिचं हसू विरून गेलं.

"राहू द्या ते तिथंच, विहीणबाई."

सातीबाल्दी मागे येऊन उभा होता. हातात टोपी, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"कोंबड्यांना घाला हवं तर," तो म्हणाला. "मी येडा माणूस. अरावानात टोमॅटो असतात हे मला ठाऊक नाही का? ओशचे ट्रक आमच्याकडे यायचेच की. पण ठाऊक असणं वेगळं. हा ढीग पाहिला आणि लाज वाटली."

"मग आणलेत कशाला, भाऊ?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तो जीपच्या पायरीवर टेकला. "दर वर्षी पहिला टोमॅटो जिपारचा. पाच वर्षं झाली, पहिला तोडतो आणि कुणाला द्यावा कळत नाही. शेजारच्या पोरांना वाटतो. यंदा रस्ता उघडला. म्हटलं, झाडावर असतील तेवढे घेऊन जाऊ." मग जरा थांबून म्हणाला, "निघालो तेव्हा बारा होते. घाटात गाडी उसळली, चार गेले. एक त्या सरहदीवरच्या शिपायाला दिला."

"शिपायाला?"

"खोकं उघडायला लावलं ना त्यानं. कागदावर लिहायचं होतं, काय नेताय. म्हणाला, आजोबा, दोन रकाने आहेत, फळ आणि भाजी. कुठल्यात लिहू? मी म्हटलं, फळ. तो म्हणाला, टोमॅटो फळ कसं? मी म्हटलं, बाळा, मुर्गाबात झाड नाही, वेल नाही, झुडूप उगवतं ते चुलीत जातं. तिथं हे एकच उगवतं, तेही काचेच्या खोपटात. ज्या गावात दुसरं काहीच नाही तिथं याला भाजी म्हणायचं तर फळ कशाला म्हणू? पोरगा हसला. लिहिलं त्यानं फळ, शिक्का मारला. मग मीही एक दिला त्याला. तिथंच उभ्याउभ्या खाल्ला."

बुबुसारा हातातला टोमॅटो खाली ठेवायची विसरली होती.

"काचेचं खोपट तुम्हीच बांधलंत?"

"जिपारच्या आईसाठी. शेवटी शेवटी तिला काही जात नव्हतं. डॉक्टर म्हणाला, फळं द्या. फळं! ट्रकमधून सफरचंदं यायची ती गोठून दगड झालेली. मोडीत निघालेल्या बसच्या काचा काढल्या, खोपट उभं केलं, रात्रंदिवस गोवऱ्या जाळल्या. पहिल्या उन्हाळ्यात नऊ टोमॅटो आले. तिनं स्वतः चकत्या केल्या, साखर लावली, पोरीला मांडीवर घेऊन बसली. एक चकती स्वतः खायची, एक पोरीला भरवायची. म्हणायची, बघ, असंच असतं फळ. नीट चावून खा, घाई करायची नाही." त्यानं टोपी उलटी केली, सुलटी केली. "हिवाळ्यात गेली ती. खोपट मात्र ठेवलं मी चालू."

बुबुसाराला आपलेच शब्द ऐकू आले. *शिकवलं कुणी? आईनं?* आईनंच शिकवलं होतं. एवढंच एक शिकवायला तिला वेळ मिळाला होता.

खोकं उचलून तिनं छातीशी धरलं.

"अहो विहीणबाई, लोक हसतील."

"हसू देत. तो शिक्का मारलेला कागद आहे ना तुमच्याकडे? तेवढा द्या."

आत दस्तरखान, जेवणाची चादर, अंथरलेलं होतं. कोचकोरबाय मधल्या जागी, शेजारी मास्तर, पलीकडे दामिरा. एर्मेक मांस आणायला गेला होता. मधोमध मोठ्या निळ्या थाळीत द्राक्षं, पीच, अंजिरं रचलेली. बुबुसारा सरळ गुडघ्यांवर बसली आणि एकेक करत सगळी फळं थाळीतून बाजूला काढली. लोकरीतले सात टोमॅटो रुमालाच्या टोकानं पुसून थाळीत ठेवले. एवढ्या मोठ्या थाळीत ते अगदीच केविलवाणे दिसत होते.

"वहिनी, हे काय गं पुन्हा?" दामिरानं भुवया उडवल्या. "बाहेर ढीग काय कमी पडला?"

"ते बाहेरचे भाजी आहेत. हे फळ आहे," बुबुसारा म्हणाली आणि घडी घातलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "वाच. सरकारी शिक्का आहे. माझं पटत नसेल तर नसू दे, सरकारला पटलंय."

मास्तरांनी कागद उचलला, चष्मा पुढे-मागे केला आणि मोठ्यानं वाचलं, "फळ. सात… नाही, आधी आठ होतं, खोडून सात केलंय." कोचकोरबाय खो-खो हसला. दामिरानं तोंड उघडलं, पण पाहुण्याच्या चेहऱ्याकडे तिची नजर गेली आणि त्या धारदार जिभेच्या बाईनं तोंड मिटलं. स्वतःच्या पुढ्यातली साखरेची वाटी तिनंच पुढे सरकवली.

तेवढ्यात जिपार किटली घेऊन आली. थाळी पाहून दारातच थबकली. किटलीचं तोंड कललं, गरम पाणी सतरंजीवर सांडलं.

"ठेव ती किटली," बुबुसारा म्हणाली. "इकडे ये. वडिलांशेजारी बैस."

"मी कशी बसू, अपा? चहा कोण ओतणार?"

"मी ओतीन. माझे हात काय गळून पडलेत? बैस म्हणते ना."

मोठ्यांच्या पंगतीत सून बसत नाही. जिपारनं सासऱ्याकडे पाहिलं. कोचकोरबायनं सरकून जागा केली. ती बसली. बापानं खिशातला चाकू काढला, एका टोमॅटोच्या पातळ चकत्या केल्या, वर चिमटीनं साखर पेरली. निम्मी साखर गुडघ्यावर पडली. जिपारनं पहिली चकती तोंडात घातली. चार महिने जिच्या पोटात घास ठरत नव्हता ती मुलगी डोळे मिटून सावकाश चावत राहिली. एक झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी ती अर्ध्यावर थांबली आणि उरलेली अर्धी चकती तिनं बुबुसारापुढे धरली.

"तुम्ही पण घ्या ना, अपा."

बुबुसारानं घेतली. आंबट होती, सालीत दात अडकत होते, आणि साखरेमागून काहीतरी वेगळंच लागत होतं, पानाच्या उग्र वासासारखं. अरावानच्या बाजारात असला टोमॅटो कुणी फुकट नेला नसता. ती तो सावकाश चावत राहिली.

पंगत उठल्यावर दोघी भांडी घासायला विहिरीपाशी बसल्या. मग बुबुसारा राख लावलेल्या हातांनीच म्हणाली, "गेल्या वर्षी तुझ्या आईचं नाव घेतलं मी. घ्यायला नको होतं."

जिपारनं पातेलं पालथं घातलं. "मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात."

"विसरले असते तर बरं झालं असतं. वर्षभर घशात अडकलं होतं." तिनं मनगटानं नाक पुसलं. "कशी होती गं ती?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. जिपारनं बाही खाली ओढली आणि सांगायला लागली. आई उंचीला एवढीशी होती, याकवर चढायला तिला पेटी लागायची. गाताना सूर सोडायची आणि तिचं तिलाच हसू यायचं. सांगता सांगता जिपारही हसली, मोठ्यानं, डोकं मागे टाकून. ओट्यावर चहा पीत बसलेल्या सातीबाल्दीनं ते ऐकलं आणि कोचकोरबाय त्याला मेंढरांच्या भावाविषयी सांगत होता ते ऐकायचंच सोडून दिलं.

तो आठवडाभर राहिला. जाताना पांढरी टोपी आणि चपान घालून गेला, आणि जीपमध्ये इतकं काही भरलं होतं की मागची काच दिसत नव्हती. बाळंतपणाला परत येईन म्हणाला.

आला मात्र नाही. जानेवारीत घाटात हिमकडा कोसळला आणि रस्ता पुन्हा दोन महिने बंद झाला. रस्ता बंद असतानाच एका सकाळी मुलगी झाली, चांगली साडेतीन किलोची, काळ्याभोर जावळाची. दवाखान्यातून घरी आणल्यावर बुबुसारानं पहिला फोन मुर्गाबला लावला. सतरा वेळा लावला तेव्हा लागला.

"भाऊ, नात झाली! दोघी सुखरूप आहेत. ऐकताय ना?"

पलीकडून वाऱ्याचा घोंघाट तेवढा येत होता. तिनं फोन बाळाच्या तोंडाशी नेला आणि तळपायाला हळूच चिमटा काढला. पोरीनं असा टाहो फोडला की बिछान्यावरची जिपार दचकून उठली.

"अपा! काय करताय?"

"गप, आजोबा ऐकतायत," बुबुसारा म्हणाली. पलीकडे सातीबाल्दी नातीचं रडणं ऐकत राहिला, आणि फोन आपोआप बंद पडेपर्यंत बुबुसारानं तो कानाला लावला नाही, तिथंच धरून ठेवला.